आजोबांचा अँप तापतोय

प्रश्न : माळ्यावरून आजोबांचा व्हॉल्व्हचा अँप (अँप्लिफायर) काढला, दोन ईएल८४ (आउटपुट व्हॉल्व्ह) आणि एक ईझेड८१ (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह) आहे. अर्ध्या तासात पॉवर ट्रान्सफॉर्मरला हात लावता येत नाही, डांबरासारखा वास येतो. मिस्त्री म्हणतो रीवाइंड करा (तार नव्याने गुंडाळा). करू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : थांबा हो, घाई नको! प्लग काढून सगळे व्हॉल्व्ह उपसा, मग ६० वॉटचा साधा बल्ब (एलईडी नाही) अँपच्या मेन्सच्या वायरमध्ये सिरीजमध्ये लावून चालू करा. बल्ब चांगला पेटला तर वाइंडिंग शॉर्ट, मिस्त्री बरोबर. विझल्यासारखा राहिला तर ट्रान्सफॉर्मर बिचारा निर्दोष, त्याच्यावर ओझं कोणीतरी टाकतंय, बहुतेक जुने फिल्टर कपॅसिटर (डीसी गुळगुळीत करणारे) किंवा गळका कपलिंग कपॅसिटर (आवाजाचा सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देणारा). व्हॉल्व्ह परत लावल्यावर ईएल८४ च्या २ नंबर पिनवर (ग्रिडवर) पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले की चोर सापडला, कपलिंग कपॅसिटरच. फिल्टर कपॅसिटर बदलताना हौसेने २२० मायक्रोफॅरडचा टाकू नका, ईझेड८१ ला त्याच्या लगेच पुढचा पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही. प्रायमरी टॅपही (ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टच्या मेन्सला जोडलाय ते) बघा, २०० वर असेल आणि घरात २४० येत असतील तर तापणारच ना. आणि बंद केल्यावरही आत ३०० व्होल्ट बसलेले असतात, डिस्चार्ज केल्याशिवाय बोट घालू नका, मी एकदा घातलंय.