चमकदार हिरवी माशी दिसली? पंप उचलण्याआधी तिचे पाय बघा

शेतकऱ्यांकडून सध्या येणाऱ्या प्रश्नांत एकच चमकदार हिरवी माशी पुन्हा पुन्हा डोकावते आहे. कुणी तिला फळमाशी म्हणतं, कुणी खोडमाशी, आणि बहुतेकांच्या हातात तिच्यासाठी दिलेली औषधाची बाटली आधीच आहे. म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न : पानांवर बारीक, सोनेरी-हिरव्या माशा मोठ्या संख्येने बसतात. दुकानदार म्हणतो ही खोडमाशी, लगेच फवारा. काय करू?

फवारू नका. बाटली उघडली नसेल तर परत करा.

ही लांब पायांची माशी, म्हणजे डोलिकोपोडिडी कुळातली. पूर्ण वाढलेली माशी शिकारी आहे. मावा, फुलकिडे, पांढरी माशी, पानांचा रस शोषणारा बारीक कोळी, तुडतुड्यांची बारीक पिल्लं, जे मऊ आणि तिच्याहून लहान असेल ते ती धरते. तुमचं पान ती खात नाही, पानात अंडी घालत नाही. ऊन पडलेल्या रुंद पानाच्या वरच्या बाजूला ती बसते, दोन-चार पावलं झरकन पळते, थांबते, पुन्हा पळते. हाताची सावली पडली की गायब. शिकार मिळाली की तोंडाच्या मऊ गाद्यांनी ती कीड लपेटून घेते, आतल्या धारदार पात्यांनी तिचं कवच फोडते आणि रस शोषून साल टाकून देते. सकाळी ऊन पानांवर आलं की पाच मिनिटं न हलता बसा, हे सगळं दिसेल. ज्यांनी एकदा पाहिलं त्यांनी मला पुन्हा औषध विचारलेलं नाही.

खोडमाशी बारीक, काळी किंवा करडी असते, तिचे पाय असे काटकुळे लांब नसतात. फळमाशी पिवळट-तपकिरी, अंगावर पिवळे पट्टे, आणि ती फळाभोवती घोटाळते. कुजक्या मांसावर बसणारी हिरवी माशी जाडजूड असते. ही मात्र सडपातळ, जेमतेम काही मिलिमीटरची, धातूसारखी हिरवी, निळी किंवा तांबूस चमकणारी आणि पायांवर उंच उभी राहिलेली. एवढा फरक ओळखायला भिंग लागत नाही. रंग हिरवा दिसला म्हणून औषध देणाऱ्याने पाय बघितलेले नाहीत, एवढं नक्की.

प्रश्न : पिवळ्या चिकट सापळ्यावर तीन-चार तऱ्हेच्या चमकदार माशा आहेत. काहींच्या पंखांवर काळे पट्टे आहेत. या सगळ्या एकच का? यातली एखादी तरी कीड असेलच ना?

प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डोलिकोपोडिडी कुळात जगभर सात हजारांहून जास्त प्रजाती आणि दोनशेहून जास्त वंश आहेत. दिसायला घरमाशीची बहीण वाटली तरी वर्गीकरणात ती एम्पिडॉइडिया या गटात बसते, घरमाशीपासून बरीच लांब. पंखांवर काळे पट्टे असलेल्या ज्या माशा तुम्ही म्हणता, तो बहुधा कॉन्डायलोस्टायलस किंवा त्याच्या जवळचा वंश. हा वंश बिगो या फ्रेंच अभ्यासकाने १८५९ मध्ये मांडला. आज त्यात अडीचशेहून जास्त प्रजाती आहेत. बहुसंख्य मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत, थोड्या आफ्रिका-आशियात. लाँगिकॉर्निस नावाची एक प्रजाती मूळची अमेरिकेची, पण प्रशांत महासागरातल्या बेटांवरही जाऊन स्थिरावली आहे. आशिया-आफ्रिकेत याच धाटणीच्या माशा जास्त करून क्रायसोसोमा आणि अँब्लिप्सिलोपस या वंशांतल्या असतात. तिन्ही वंश सायापोडिनी या उपकुळात येतात.

हे उपकूळ ओळखायची खूण पंखात आहे. दहापट भिंग घ्या आणि पंख उजेडात धरा. पंखाच्या मधून टोकाकडे जाणारी शीर पुढे फुटून दोन फाटे होतात, आणि पुढचा फाटा कोयत्यासारखा वर वळतो. डोक्याचा माथाही दोन डोळ्यांच्या मध्ये खोलगट दिसतो. या दोन खुणा जुळल्या की उपकूळ ठरलं. वंश ठरवताना तज्ज्ञ शृंगिकेवरचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशीवरचा, लांब केस नेमका कुठून निघतो तेही बघतात. प्रजाती ठरवायची तर नरच लागतो. त्याचं जननेंद्रिय पोटाखाली पुढच्या बाजूला दुमडलेलं असतं आणि खरा फरक त्यात असतो. माद्यांवरून प्रजाती सांगणं तज्ज्ञांनाही जड जातं. त्यामुळे मोबाइलवर फोटो बघून कुणी प्रजातीचं नाव छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या औषधाच्या सल्ल्यावरही तेवढाच विश्वास ठेवा.

जुन्या पुस्तकांत याच माशा सायलोपस नावाखाली सापडतील, गोंधळू नका. मायगेन या माशांच्या अभ्यासकाने १८२४ मध्ये ते नाव दिलं, पण ते एका मृदुकाय प्राण्याला आधीच दिलेलं निघालं. म्हणून १८४२ मध्ये सायापस हे नाव आलं. पुढे त्या एका मोठ्या गाठोड्यातून वेगवेगळे वंश निघत गेले. सायापोडिनीची जगभराची मांडणी बिकेल या अभ्यासकाने १९९४ मध्ये केली आणि आजही काम तिथूनच सुरू होतं.

आता राहिला किडीचा मुद्दा. या कुळातल्या बहुतेक अळ्याही शिकारीच, ओल्या मातीत आणि कुजक्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या. मेडेटेरा वंशाच्या अळ्या तर झाडाच्या सालीखाली शिरून साल पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या खातात. त्या माशा खोडावर डोकं वर करून उभ्या बसलेल्या दिसतात. ठळक अपवाद एक, थ्रिप्टिकस. त्याच्या अळ्या गवतवर्गीय आणि पाणथळ वनस्पतींचे देठ आतून पोखरतात. त्या एका अपवादाचं बोट धरून सगळ्या कुळावर फवारणी करायला सांगणारे भेटतील. त्यांना पंखाची शीर दाखवायला सांगा.

प्रश्न : पिवळ्या चिकट सापळ्यावर या माशांचा खच पडला. दुकानदाराने सापळा बघून दोन औषधं, वर टॉनिक आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) असं एकत्र फवारायला दिलं. डोस दीडपट सांगितला.

इथे मला राग येतो, तेव्हा स्पष्टच लिहितो. पिवळ्या रंगाकडे या माशा ओढल्या जातात. सापळ्यावर त्यांचा खच म्हणजे शेतात शिकारी भरपूर, एवढाच अर्थ. तोच सापळा पुरावा म्हणून दाखवून औषध विकणं ही जुनी युक्ती आहे. सापळा मोजताना लांब पायांच्या माशा वेगळ्या लिहा, किडीच्या आकड्यात धरू नका. मोजणी झाली की सापळा काढा. महिनोन्‌महिने टांगून ठेवलेला सापळा मित्रकीटकच मारत बसतो.

डोस लेबलवर असतो तोच. दीडपट नाही, दोन झाकणं जास्त नाही, "यंदा जोर जास्त आहे" म्हणूनही नाही. वाढीव डोसने कीड हमखास मरते असं नाही, शिकारी मात्र हमखास मरतात. सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रीन यांसारखी औषधं लागोपाठ मारली की कोळी उसळतो, हे कितीतरी शेतांत बघितलं आहे. मग कोळीनाशक, मग पुन्हा फुलकिडे, मग आणखी एक बाटली. हे चक्र पहिल्या अनावश्यक फवारणीने सुरू होतं.

दोन कीटकनाशकं, टॉनिक, स्टिकर असं एका पंपात कालवू नका. पुन्हा लिहितो, कालवू नका. लेबलवर मिश्रणाला परवानगी नसेल तर ते मिश्रण म्हणजे तुमच्या पिकावर केलेला प्रयोग आहे, आणि खर्च तुमचा.

वेळही चुकते. "आठवडा झाला, आता फवारणी" हे कॅलेंडर कीड पाळत नाही. पानं उलटून बघा, किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली तरच औषध. तेही शक्यतो एका किडीपुरतं, लागण असलेल्या भागापुरतं आणि संध्याकाळी. भर उन्हात माशा, मधमाशा सगळ्या पानांवर असतात, तेव्हा मारलेलं औषध थेट त्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी मारल्याने धोका कमी होतो, संपत नाही, कारण पानावर औषध उरतंच. म्हणून मुळात गरज आहे का, हा प्रश्न आधी.

प्रश्न : या माशा विकत आणून सोडता येतील का? अनुदान आहे का?

विकत आणायच्या नाहीत. कुणी डबीत भरून देत असेल तर पैसे देऊ नका. अनुदानाचे निकष बदलत असतात, कृषी सहायकाला विचारा. या माशीसाठी वेगळी योजना शोधत बसू नका.

तिला शेतात ठेवायचं तर आच्छादन करा. पीक कोणतंही असो, ओळींमध्ये काडीकचरा, पालापाचोळा पसरा आणि तो जाळू नका. अळीला ओल हवी आणि कुजणारा पाला हवा, दोन्ही आच्छादनाखाली मिळतं. वाफे पूर्ण सुकू देऊ नका, पण पाणीही तुंबवू नका. बांधाकडेची एक पट्टी बिनफवारणीची राखा, तिथे गवत आणि फुलझाडं राहू द्या. जमिनीतून द्यायची दाणेदार कीटकनाशकं "खबरदारी म्हणून" टाकू नका, ती थेट या अळ्यांच्या घरात जातात. हे सगळं बिनखर्चाचं आहे, बहुधा म्हणूनच दुकानात कुणी सांगत नाही.

प्रश्न : ओळख पटवण्यासाठी माशीचा नमुना कुठल्या स्वरूपात पाठवू?

छोट्या बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोल घ्या, त्यात शक्य तितके नर टाका. पोटाच्या टोकाला खाली दुमडलेली गाठ दिसली तर तो नर. पीक, तारीख, गाव कागदावर पेन्सिलने लिहून कागद बाटलीतच टाका, शाईचं अक्षर अल्कोहोलमध्ये उतरतं. चिकट सापळ्यावरून सोललेली माशी पाठवू नका. पंख आणि पायांवरचे केस डिंकातच राहतात, आणि ओळखायला तेच लागतात.