माण तालुक्यात दहा महिने राहायला येणारी परदेशी अभ्यासक मुलगी: दिवस कसा जातो?

ताई, तुमच्या लेकीची नेदरलँड्सची मैत्रीण पीएचडीसाठी माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत दहा महिने राहणार आहे. धनगर बायकांच्या कामावर अभ्यास करणार आहे. तुम्ही विचारलंय की तिथे तिचा दिवस कसा जाईल, पोट सांभाळता येईल का, एकटी मुलगी नीट राहील का. फलटण-दहिवडी भागात बाहेरून आलेल्या अभ्यासकांबरोबर दुभाषी म्हणून मी बरीच वर्षं फिरले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोट पहिल्या महिन्यात बिघडणारच. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवायची आणि उकळलेलं पाणी मागायला लाजायचं नाही. बाजरीची भाकरी, आमटी, ठेचा हे चुलीवरून थेट ताटात येतं, त्यानं सहसा बाधत नाही. कुत्रा चावण्याआधीची रेबीजची लस तिकडूनच घेऊन यावं. पावसाळ्यात बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. एकटेपणाची काळजी सोडा, तिला एकटं कुणी राहूच देणार नाही. दार लावून तासभर बसली तर "बरं नाही का?" विचारायला तीन बाया येतील. बाहेरच्या मुलींना सगळ्यात जास्त शीण याचाच येतो. म्हणून महिन्यातून दोन दिवस फलटणला किंवा साताऱ्याला खोली घेऊन झोपायचं, हे आधीच ठरवून ठेवावं.

माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे: ती राहणार कुणाच्या घरी? वाडीत पाऊल टाकलं की गावातलं मोठं घर पुढे येतं. स्लॅबचं घर, वरची खोली, आत संडास-बाथरूम, "मॅडम, इथंच राहा." मोह पडतो. पण त्या खोलीत राहिली की ती त्या घरची पाहुणी झाली. मागच्या निवडणुकीत पडलेला गट, बांधावरून कोर्टात गेलेली भावकी, खालच्या आळीतली घरं, सगळीकडे तिचं चहापाणी होईल, पण मनातलं कुणी बोलणार नाही. शिवाय धनगरवस्ती बहुतेक वेळा गावठाणापासून लांब असते. संध्याकाळी बायका मोकळ्या होतात, नेमकी तेव्हाच हिला मोटारसायकलवरून परत आणायला कुणीतरी येईल. त्यापेक्षा वस्तीजवळ अंगणवाडी सेविकेचं किंवा आशाताईचं घर बघा. नाहीतर जिची मुलं मुंबईला माथाडीत आहेत अशी एखादी आजी, एक खोली मोकळी असलेली. भाडं आणि किराण्याचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवावेत आणि घरच्या बाईच्या हातात द्यावेत. "पैसं कशाला?" असं ती एकदा म्हणेल, दोनदा म्हणेल, तरी द्यावेत.

ज्या घरी राहणार त्यांनाही एक काम लागतं. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वी त्याला फॉर्म सी म्हणत) भरावा लागतो. तो ऑनलाइन भरतात. गावातल्या माणसाला हे माहीत नसतं, तेव्हा तिनं स्वतः बसून भरून घ्यावा. व्हिसा रिसर्चचाच हवा, टुरिस्टवर येऊन प्रश्नावल्या वाटत फिरू नये. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असला की आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची असते. जिल्ह्यात ते काम एसपी ऑफिसकडे असतं. ग्रामपंचायतीला एक पत्र द्यावं आणि पोलीस पाटलांना आधी जाऊन भेटावं. पत्र मराठीत आणि एका पानात. दोन पानांचं पत्र आलं की लोकांना जमीन संपादनाचा वास येतो.

आता दिवस. पहाटे पाचला घर जागं होतं. पाणी, शेण, धार, भाकऱ्या, पोरांचे डबे. या वेळात मुलाखत मागणं म्हणजे रस्त्यात आडवं पडणं. नऊनंतर बाया शेतात जातात, दुपारी उन्हात तासभर टेकतात, पुन्हा काम. म्हणजे वही घेऊन समोरासमोर बसायला वेळ असा नाहीच. आणि बसलात तरी काय होतं ते सांगते. म्हातारीला विचारावं, "लगीन झालं तेव्हा वाड्यावर कोण कोण होतं?" (वाडा म्हणजे मेंढ्यांबरोबर फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा तळ.) उत्तर तिचा मुलगा देतो. पुन्हा तिलाच विचारावं, तर सून म्हणते, "त्यांना काय आठवतंय." म्हातारी पदर सारखा करून गप्प. तेवढ्यात कुणी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ओततं. पुरुष उठून जातात आणि हात चालू झाले की म्हातारी आपणहून सुरू होते: कुठल्या घाटात लेक जन्मली, घोड्यावर काय काय लादायचं, शेतात मेंढ्या बसवल्याच्या खताबद्दल द्यायचं धान्य कोकणातल्या शेतकऱ्यानं कसं कमी मापलं. शेंगा फोडत ऐकायचं, रेकॉर्डर चालू आहे हे तिला सांगून. घरी येऊन ऐकलं तर निम्मा वेळ टरफलांचाच आवाज! पण उरलेल्या निम्म्यात जे असतं ते प्रश्नावलीत कधीच आलं नसतं. तिला म्हणावं, हाताला काम हवंच. शेंगा फोड, मेथी निवड, गोधडीला टाके घाल.

विद्यापीठाचा संमतीपत्राचा कागद पुढे केलात की माणसं दचकतात. सही-अंगठ्यानं कर्ज, जमीन, सोसायटी यांत पोळलेली माणसं आहेत ही. तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी तिनं विद्यापीठाच्या समितीकडून आधीच घेऊन यावं.

चहाचं सांभाळावं लागतं. दिवसाला आठ-दहा घरी चहा होतो. "निम्माच टाका" चालतं, "नको" चालत नाही. आणि पाटलांच्या घरी घेतला आणि खालच्या आळीत "आत्ताच झाला" म्हणाली, तर ते संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. लग्न झालं का, पगार किती, आईबापाला सोडून कशी राहतेस, हे सगळे विचारतील, रोज विचारतील. चिडू नये, उलट तेच प्रश्न त्यांना विचारावेत. पाळीच्या दिवसांत त्या घरात काय पाळतात हे राहायला जाण्याआधी घरच्या बाईला सरळ विचारून घ्यावं. पटत नसेल तर घर दुसरं बघावं, आल्यावर वाद घालू नये. फोटो काढले तर प्रिंट काढून द्यावेत. मोबाइलवर पाठवलेला फोटो दिल्यात जमा नाही. मी कितीतरी घरांत पाहिलंय, गेलेल्या आजोबांचा हार घातलेला एकुलता एक फोटो एखाद्या अभ्यासकानंच काढलेला असतो.

कधी यावं, हे तिच्या विषयासाठी फार महत्त्वाचं. दसरा-दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन वाडे कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ऊसतोडीच्या टोळ्याही त्याच सुमाराला उठतात. जानेवारीत आली तर कुलपं दिसतील, म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. पुरुष मेंढ्यांमागे जातात, पण घोडी हाकणं, बिऱ्हाड उतरवणं, पाणी शोधणं, चूल मांडणं हे सगळं बायकाच करतात. तिचा विषयच तो आहे, म्हणजे काही दिवस वाड्याबरोबर चालावं लागणार. जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा-खंडोबाच्या कथा जमवायला वर्षानुवर्षं असे वाड्यांवर आणि जत्रांत येत राहिले, १९९२ला वारले तोवर. फलटणला अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन तिथल्या बोलीच्या अभ्यासासाठी आल्या आणि राहूनच गेल्या. १९७८मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि पुढे मुलांच्या शिक्षणात पडल्या. तशी अपेक्षा कुणाकडून करू नये, पण पुन्हा येणाऱ्या माणसाशी लोक वेगळं बोलतात हे खरं. दहा महिने सलग राहण्याऐवजी तिला पाच-पाचचे दोन तुकडे करता आले तर मी तेच सुचवेन.

पहिला तुकडा जूनपासून धरावा, म्हणजे वाडे परतलेले सापडतील, पेरणी दिसेल आणि निघण्याच्या वेळी कुणाबरोबर चालायचं ते ठरलेलं असेल. त्याआधी पुण्यात दोन महिने मराठी शिकावं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्ग तिथे चालतात, त्यांच्याकडे चौकशी करता येईल. मार्च ते मे माणमध्ये टँकरचं पाणी असतं. त्या दिवसांत परक्या घरात अंघोळीला दुसरी बादली मागणं तिलाही जड जाईल आणि त्यांनाही. वाडी ठरली की कळवा. म्हसवडच्या बाजूची असली तर मुक्कामाला चालतील अशी एक-दोन घरं मी विचारून ठेवते.