आधी मोजा, मग पुसा
वाचकांचे प्रश्न : फोनमधले फोटो आणि फायली संगणकावर उतरवताना

प्रश्न : मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या लग्नापासूनचे सगळे अल्बम गेले. आता जे काही आहे ते फोनमध्ये, नातवाच्या बारशापासूनचं. फोन रोज जागा संपल्याचं सांगतो. मुलगा पुण्याहून म्हणतो, "आई, सगळं गूगलवर गेलंय, बिनधास्त डिलीट कर." माझा हात धजत नाही. लॅपटॉपला फोन जोडला तर नुसता चार्ज होतो, फोटो दिसतच नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, हात धजत नाही तेच बरं आहे. आज एकही फोटो डिलीट करू नका.

त्या पुरानंतर साताऱ्याला माझ्या स्टुडिओत तुमच्या भागातले लोक भिजलेले अल्बम घेऊन यायचे. फोटो प्लॅस्टिकच्या पानाला चिकटलेला असायचा. कितीही हळू सोडवला तरी रंगाचा थर प्लॅस्टिकबरोबर निघून यायचा आणि हातात पांढरा कागद राहायचा. ज्यांच्या निगेटिव्ह माहेरी किंवा भावाच्या घरी होत्या, त्यांना मी पुन्हा प्रिंट काढून दिल्या. बाकीच्यांना काही देता आलं नाही. फोनमधल्या फोटोंना निगेटिव्ह नसते, म्हणून दुसरी प्रत आपणच करून ठेवायची.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तर कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर जातात. पण १ जून २०२१ पासून फोटोही १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात, आणि त्याच जागेत तुमची ईमेलसुद्धा असते. ती भरली की बॅकअप थांबतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आपोआप वर जात नाहीत, त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं : गूगल फोटोज उघडून तिथून फोटो डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि गूगलवरूनही. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. तो बॅकअप झालेल्याच फोटोंना हात लावतो. तरीही, लॅपटॉपवर प्रत उतरल्याशिवाय तोही वापरू नका.

आता केबल. दहातल्या आठ जणांचं घोडं इथेच अडतं. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. पॉवरबँक किंवा ट्रिमरबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा विजेच्या दोनच असतात. अशी केबल फोन चार्ज करील, पण फोटो त्यातून जाणारच नाहीत. फोनच्या खोक्यातली मूळ केबल शोधा.

तीही ढिली बसत असेल तर फोन बंद करून चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून बघा. परवा एक आजोबा असाच फोन घेऊन आले होते. लाकडी टूथपिकने हलकेच कोरलं तर पर्सच्या अस्तराचा, नमद्यासारखा दाबून बसलेला करडा चोथा निघाला, बाजरीच्या दाण्याएवढा. त्यानंतर केबल टक्कन बसली. सुई किंवा टाचणी मात्र आत घालू नका, आतली पिनपट्टी वाकते.

केबल ठीक असूनही नुसतं चार्जिंगच होत असेल तर ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं, कुणीही उठून तुमच्या फोनमधलं पाहू नये म्हणून. फोनचं लॉक उघडा, वरून बोट खाली ओढा, 'चार्जिंग' असं लिहिलेल्या यूएसबीच्या सूचनेवर टिचकी मारा आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडा. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा, 'धिस पीसी'मध्ये तुमच्या फोनचं नाव येईल. त्यात इंटर्नल स्टोरेज, त्यात 'डीसीआयएम', त्यात 'कॅमेरा'. तुमचा नातू इथे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो मात्र फार आत असतात : 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप', 'व्हॉट्सअ‍ॅप', पुन्हा 'मीडिया' आणि शेवटी 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस'. सुनेने पाठवलेले बारशाचे फोटो तिथे सापडतील.

आता हात जोडून एक सांगतो. 'कट' करू नका, 'कॉपी' करा. एक गृहस्थ वडिलांच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो कट-पेस्ट करत होते आणि मधेच केबल निसटली. एक फोटो फोनमध्येही उरला नव्हता. संगणकावर उघडला तर वर आकाशकंदील, त्याखाली वडिलांचं कपाळ, चष्म्याची वरची कड, आणि तिथून खाली सगळं सपाट करडं. फाइल तेवढीच पोचली होती. त्यांनी मला विचारलं, "खालचं काढता येईल का?" नाही आलं.

म्हणून सगळे फोटो एका दमात न घेता पाचशे-पाचशेच्या घासाने घ्या. लॅपटॉपवर फोल्डरचं नाव वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग असं द्या : '२०२३-०२ बारसं'. म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. कॉपी झाली की फोनच्या फोल्डरमध्ये कंट्रोल आणि ए दाबा, खिडकीच्या तळाशी आकडा दिसेल. तो वहीत लिहा. लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्येही तेच करा, फोल्डर अनेक असतील तर त्यांच्या आकड्यांची बेरीज करा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. मग मधलेअधले दहा-बारा फोटो उघडून पाहा, आणि प्रत्येक व्हिडिओ शेवटापर्यंत पळवून बघा, कारण अर्धवट आलेला व्हिडिओ सुरुवातीला छान चालू शकतो.

वेळ लागेल. बऱ्याच फोनची केबल यूएसबी २.० च्याच वेगाने चालते. कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, पण हाती निम्मं आलं तरी पुष्कळ. ४० जीबीसाठी पाऊण-एक तास धरून चाला, आणि तोवर फोन उचलून बोलू नका.

यानंतर तेच फोल्डर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही उतरवा आणि ती डिस्क पुण्याला मुलाकडे ठेवा. नदीकाठच्या घरात दोन्ही प्रती नकोत. हे सगळं झाल्यावर फोन मोकळा करा, आणि तेव्हाही आधी जुने मोठे व्हिडिओ काढा, जागा त्यांनीच खाल्लेली असते.

प्रश्न : माझा आयफोन आहे आणि लॅपटॉप विंडोजचा. फोटो कॉपी होता होता मधेच 'डिव्हाइस चालत नाही' अशा अर्थाची सूचना येते आणि सगळं थांबतं. जे येतात त्यातले काही उघडतात, काही नाही. फोन बिघडलाय का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : फोन धडधाकट आहे. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो 'एचईआयसी' या प्रकारात साठवतो. त्याच दर्जाचा फोटो जेपेगच्या, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या प्रकाराच्या, जवळपास निम्म्या जागेत मावतो, हा त्याचा फायदा. केबलने विंडोजवर पाठवताना फोन प्रत्येक फोटो जाता जाता जेपेगमध्ये बदलत असतो. शेकडो फोटो एकदम मागितले की त्याला ते झेपत नाही आणि तुला दिसते ती सूचना येते.

सेटिंग्जमध्ये फोटोजच्या पानावर अगदी तळाशी जा. नव्या आवृत्तीत हे पान 'अ‍ॅप्स'च्या आत गेलं आहे. तिथे 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी'खाली 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'कीप ओरिजिनल्स' निवड. आता फोटो जसाच्या तसा येईल आणि बहुतेक वेळा अडणार नाही. एचईआयसी उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' घे, ते फुकट आहे. मूळ फाइल ठेवणं मला केव्हाही पसंत. जेपेग हवी तेव्हा तिच्यातून करता येते.

केबल जोडल्यावर फोनवर 'ट्रस्ट' विचारेल, त्याला हो म्हणून पासकोड दे, नाहीतर फोल्डर रिकामं दिसेल. आणि आयक्लाउड फोटोजमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर मोठे मूळ फोटो फोनमध्ये नसतातच, केबलने ते येणार कुठून? ते आयक्लाउडच्या वेबसाइटवरून उतरवून घ्यावे लागतात.

प्रश्न : बहिणीच्या लग्नातला एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊन १२ बाय १८ ची फ्रेम केली. मोबाइलवर लख्ख दिसतो, फ्रेममध्ये धुरकट. स्टुडिओवाल्याची चूक आहे का? (एक वाचक, जत)

उत्तर : नाही हो, त्या भल्या माणसावर रागावू नका. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, उरते. ते १८ इंचांवर पसरले की इंचाला ८९ येतात. भिंतीवरच्या फ्रेमला मी इंचाला २०० तरी मागतो. मूळ १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० असते, ती त्याच फ्रेमला २२२ देते. ज्याच्या फोनने फोटो काढला त्याला गाठा आणि तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. डॉक्युमेंट व्हॉट्सअ‍ॅप लहान करत नाही, आणि २ जीबीपर्यंतची फाइल तशी जाते. खिशातल्या ४ बाय ६ च्या प्रिंटला मात्र तुमच्याकडचा फोटोही चालून जाईल.

प्रश्न : घरी संगणक नाही. भरतीचे फॉर्म भरायला झेरॉक्सच्या दुकानात जातो. फोनमधला फोटो, सही, मार्कलिस्टची पीडीएफ तिथल्या संगणकावर द्यायची सुरक्षित पद्धत कोणती? (एक विद्यार्थी, लातूर जिल्हा)

उत्तर : दुकानाच्या संगणकाला फोन जोडून 'फाइल ट्रान्सफर' देऊ नकोस. तसं केलंस की सहीबरोबर घरच्यांचे सगळे फोटोही त्या पडद्यावर उघडे होतात. त्यापेक्षा टाइप-सी टोकाचा पेनड्राइव्ह घे. एक टोक फोनमध्ये घाल, फाइल्स अ‍ॅप उघड, लागतील त्या तीन फायलीच त्यावर कॉपी कर आणि दुसरं टोक दुकानात दे. उतरवलेली पीडीएफ बहुधा 'डाउनलोड' फोल्डरमध्ये असते. फायलींची नावं साधी ठेव, 'सही', 'फोटो', 'बारावी', म्हणजे गर्दीत दुसऱ्याची मार्कलिस्ट चढणार नाही.

बरीच मुलं दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात, फॉर्म भरतात आणि तसंच उठून जातात. मागे त्यांच्या सगळ्या गप्पा त्या संगणकावर चालू राहतात. तू आजवर कधी तसं केलं असशील तर आत्ता व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघड आणि जो संगणक तुझा नाही त्याच्या नावावर टिचकी मारून 'लॉग आउट' कर. आणि दुकानातून उठण्याआधी तुझ्या फायली तिथल्या डेस्कटॉपवरून डिलीट कर, मग रिसायकल बिन उघडून तीही रिकामी करून घे. दुकानदाराला सांगून कर, तो नाही म्हणणार नाही.