वर राहायला आलेय, पण मन रमत नाही

प्रश्न : ताई, सहा आठवड्यांपूर्वी नोकरी सोडून मी डोंगरातल्या एका साधना-केंद्रात कायमची राहायला आले. उंची सुमारे ३००० मीटर. आम्ही एकोणीस जण आहोत. उठल्यापासून दुपारपर्यंत मौन, फोनला रेंज फक्त वरच्या खिंडीत. पहिला आठवडा डोकं ठणकत होतं. अजूनही रात्री श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येते. बाकीचे सगळे शांत दिसतात आणि मला शेजारच्या दाराच्या कुरकुरीचाही संताप येतो. मी या जीवनाला लायकच नाही का? परत जाऊ का?
– एक वाचक

उत्तर : लायकीचं आत्ता बाजूला ठेवा. आधी त्या दचकण्याबद्दल बोलू, कारण त्यावरून तुम्ही स्वतःविषयी बराच निकाल लावून टाकलेला दिसतोय. अशाच एका वस्तीत, जवळपास तेवढ्याच उंचीवर, मी नऊ वर्षं राहिले. सुरुवातीला मलाही असं व्हायचं आणि मनात दडलेली भीती वर येतेय अशी माझी खात्री झाली होती. भीती नव्हती, हवा होती. ३००० मीटरवर दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साधारण तीस टक्के कमी प्राणवायू मिळतो. मग झोपेत श्वास भराभर चालतो, काही सेकंद थांबतो आणि एकदम जोरात सुरू होतो. तेव्हाच जाग येते. सहसा हे हळूहळू कमी होतं. तुमचं सहा आठवड्यांनंतरही कमी झालेलं नाही, तेव्हा एकदा डॉक्टरांना दाखवून घ्याच. आणि काही आठवडे खाली राहून परत वर आलात, तर शरीराला पुन्हा पहिल्यापासून सवय करावी लागते हे लक्षात ठेवा. डोकेदुखीबरोबर उलट्या, चालताना झोक जाणं, बसल्या जागी धाप लागणं, यातलं काहीही झालं तर साधना म्हणून सोसत बसू नका. लगेच खाली उतरा, आणि एकट्या नाही, कुणाला तरी बरोबर घेऊन.

आता संताप. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने या अवस्थेचं फार बारीक वर्णन करून ठेवलंय. सूर्य हलतच नाहीसा वाटतो, कुणी येतंय का म्हणून नजर सारखी खिडकीकडे जाते, राहती जागा नकोशी होते, घरची माणसं आठवतात. म्हणजे हे तुमच्या एकटीचं नाही, एकांतात राहणाऱ्यांच्या वाट्याला येणारंच आहे. कार्थुसियन संन्याशांची परंपरा १०८४ साली फ्रान्सच्या आल्प्समध्ये ब्रुनो यांनी सुरू केली. मौनासाठीच ती ओळखली जाते, पण तेही आठवड्यातून एकदा काही तास एकत्र फिरायला जातात आणि चालताना एकमेकांशी बोलतात. तुमच्याकडे दुपारनंतर बोलायला मुभा आहे ना? मग दाराचं त्याच दिवशी, त्याच माणसाशी बोला. फळ्यावर बिननावाची चिठ्ठी लावू नका. आमच्याकडे अशा एका चिठ्ठीने महिनाभर सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते.

आणि एक काम मागून घ्या. तुम्ही केलं नाही तर इतरांचं अडेल असं काम. माझ्याकडे पाण्याची लाइन होती. थंडीत रात्री टाकीचा कॉक बंद करायचा आणि सगळ्यांत खालचा नळ उघडून पाइप रिकामा करायचा. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, पाइप फुटतो. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री, मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून, मी ते केलं नाही. पहाटे वळणावरचा जोड फुटलेला. मौनाची वेळ. मी तिथे रडत उभी होते. सगळ्यांत जुने रहिवासी बॅटरी आणि करवतीचं पातं घेऊन आले. त्यांनी फुटका तुकडा कापला, पाइपचं टोक उकळत्या पाण्यात बुडवून मऊ केलं आणि जोडावर दाबून बसवलं. मी बॅटरी धरली होती आणि हात इतका थरथरत होता की उजेड जागेवर राहत नव्हता. त्यांनी माझं मनगट धरून उजेड नीट जोडावर आणला आणि पुन्हा कामाला लागले. मग कॉक उघडला. नळ आधी खोकला, दोनदा हवा सुटली, मग पाणी आलं. एक शब्द बोलणं झालं नाही, पण त्या वस्तीतली मी त्या सकाळपासून झाले.

म्हणून आत्ताच परत जाऊ नका असं मला मनापासून वाटतं. काम हाती घेऊन तीन महिने काढा, मग बघा. तरीही जायचंच ठरलं, तर पहिला बर्फ पडायच्या आत सांगा. हिवाळ्याचं सरपण माणसं मोजून रचलेलं असतं.