अमेरिकेला निघालेल्या बास्केटबॉलच्या सेंटरला

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

रिंग तिथेही 3.05 मीटरवरच आहे. बदलायची आहे ती तुझी बोटांची सवय. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत चेंडू रिंगला लागला की तो वर नाचत असतानाच थापटून काढता येतो. अमेरिकन कॉलेजात तो रिंगवर किंवा बरोबर रिंगच्या माथ्यावर असेपर्यंत हात लावायचा नाही. बचावात लावलास तर समोरच्यांना गुण, आक्रमणात लावलास तर आपली बास्केट रद्द. म्हणून आत्तापासूनच आधी बॉक्स आउट (समोरच्याला पाठीने अडवून जागा धरणं), मग चेंडू बाहेर सुटताना उडी, असाच सराव कर.

फाउल तिथेही पाचच. पण पहिल्या हाफमध्ये दोन झाले की बहुतेक कोच सेंटरला बाकावर बसवतात. आणि हे दोन बहुधा फुकटचे असतात. पहिला स्क्रीनवर (सोबत्याची वाट मोकळी करायला त्याच्या बचावपटूच्या आड उभं राहणं): चेंडू घेतलेला गार्ड घाईत निघतो, त्याच्यासाठी तू शेवटच्या क्षणी कंबर सरकवतोस, शिट्टी वाजते. आधी पोच, पाय खांद्यांइतकेच रुंद ठेव, हात छातीशी घे आणि टक्कर होईपर्यंत पुतळा हो. गार्ड लवकर निघाला तर ती त्याची चूक, तू भरून काढू नकोस. दुसरा रिंगखाली: सरळ वर उडालास तर धक्का लागला तरी तो तुझा फाउल नाही, पण हात पुढे झुकले की लगेच आहे. चेंडूवर झडप घालायचा मोह सगळ्या उंच पोरांना होतो.

आता खरं दुखणं, पिक-अँड-रोल, म्हणजे समोरचा सेंटर स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळतो तो डाव. ड्रॉपमध्ये, म्हणजे मागे हटून बचाव करताना, फ्री थ्रो रेषेच्या थोडं आत थांब, कंबर खाली, एक नजर ड्रिबलरवर आणि एक हात रोल करणाऱ्याच्या वाटेत. टाचांवर वजन गेलं की संपलास. गार्ड एका पावलात तुझ्या बाजूने निघतो. कॉलेजात बचावातला तीन सेकंदांचा नियम (कुणाला न अडवता रिंगखाली त्याहून जास्त थांबायचं नाही) नाही, त्यामुळे सेंटरला डीमध्ये, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या पट्ट्यात, तळ ठोकता येतो आणि मंद पाय झाकले जातात. एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, तो नियम आहे, डीही रुंद आहे (12 ऐवजी 16 फूट). तिथे झाकायला काही उरत नाही.

म्हणून कॉलेजातल्या आकड्यांवर भाळू नकोस. ऑस्कर चीब्वे 2022 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, रिबाउंडचा तर राजाच, तरी 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. सेंटरचा खेळ, पण उंची सहा फूट नऊ इंचच. पर्ड्यू विद्यापीठाच्या झॅक एडीने 2023 मध्ये ड्राफ्टसाठी नाव दिलं, संघांचं मत जाणून घेतलं, मुदतीत नाव मागे घेऊन एक वर्ष आणखी खेळला. 2024 मध्ये मेम्फिसने त्याला नववा घेतला. सात फूट चार इंचाच्या माणसालाही थांबावंसं वाटलं, हे ध्यानात ठेव.

पैशाबद्दल एकच सांगतो, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं. तू एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर आहेस. जाहिरात, फोटोशूट, शिबिरात शिकवणं यांचे पैसे तुझा अमेरिकन रूममेट निवांत घेईल. तुझ्या बाबतीत ते परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं आणि व्हिसाच धोक्यात येतो. कागदावर सही करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा, कोचच्या शब्दावर जाऊ नकोस. सेमिस्टरला 12 क्रेडिटच्या खालीही कधी उतरू नकोस.

पाऊल जप. एनबीएतला सेंटर याओ मिंगची कारकीर्द पायाच्या दुखापतींनीच 2011 मध्ये संपली. दुसरा सेंटर, जोएल एम्बीड, याला 2014 मध्ये ड्राफ्टच्या तोंडावर पायाचं नॅव्हिक्युलर हाड मोडल्याचं कळलं आणि पहिले दोन सीझन तो खेळलाच नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे, बोट दाबून एकाच जागी दुखत असेल तर त्याच दिवशी ट्रेनरला सांग. पट्टी बांधून खेळणं ही मर्दुमकी नव्हे.

बुटांचे दोन जोड इथूनच ने, नवे सरावात मऊ करूनच सामन्याला घाल.

पोचल्यावर कळव.