लहानपणी मलेरिया होऊन गेलाय, मग युगांडात गोळ्या कशाला?

तुमचा प्रश्न असा: जूनमध्ये नोकरीसाठी कंपालाला यायचंय, बायको सोबत येणार आहे, लहानपणी ठाण्यात दोनदा मलेरिया झालेला, तेव्हा अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती असेलच, मग गोळ्या हव्यातच का?

हव्यातच. मलेरियाचे प्रकार असतात: ठाण्यात झाला तो बहुधा विव्हॅक्स असेल, इथला बहुतेक सगळा फाल्सिपेरम, म्हणजे रिपोर्टवरचा ‘पीएफ’. पण तेव्हा पीएफच झाला असता तरी आज त्याचा भरवसा धरता आला नसता.

डास चावल्यावर तासाभरात परजीवी यकृतात शिरतो आणि आठवडाभर तिथे गुपचूप वाढतो. (म्हणून पोहोचल्यावर पहिल्या सहा दिवसांत आलेला ताप इथल्या डासाचा नसतो.) मग तो तांबड्या पेशींत घुसतो. आपल्या इतर पेशी आत शिरलेल्याची खूण बाहेर दाखवतात आणि मारेकरी पेशींना बोलावतात. तांबडी पेशी तशी खूण दाखवतच नाही. धोका उरतो तो पांथरीचा, कारण ताठर झालेल्या पेशी ती गाळून काढते. ते टाळायला परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणतो आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसतो. मेंदूतल्या वाहिन्यांत हे झालं की माणूस बेशुद्ध पडतो.

हे प्रथिन मात्र उघड्यावर असतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्यावर परजीवीचा तोडगा म्हणजे त्या प्रथिनाची सुमारे 60 वेगवेगळी जनुकं. एका वेळी एकच चालू. प्रतिपिंडं तयार होईपर्यंत काहींनी दुसरं चालू केलेलं असतं, आणि तेच वाढतात. शिवाय दुसऱ्या रुग्णातल्या परजीवीचा संच वेगळाच. इथल्या मुलांना वर्षानुवर्षं चावे खाऊन जी ताकद येते, तीही गंभीर आजारापुरतीच, आणि काही वर्षं लंडनला राहिलेल्या युगांडाच्या माणसाचीही ती ओसरते. आपलं तर सोडाच.

याचा तपासणीवर थेट परिणाम होतो. तांबड्या पेशींत परजीवीच्या वाढीच्या 48 तासांच्या चक्रात फक्त कोवळे, अंगठीसारखे परजीवी रक्तात फिरतात. पुढच्या अवस्थेतले भिंतीला चिकटलेले. म्हणून एक स्लाइड (काचेवर घेतलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. ताप असेल तर 12 ते 24 तासांच्या अंतराने तीनदा तपासा. झटपट किट पहिल्या दिवशी उपयोगी, पण बरं झाल्यावरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. उपचार लागू पडला का, हे स्लाइडवरच बघा.

बायको गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर प्रवास पुढे ढकला, असंच मी सांगेन. वारेला (प्लॅसेंटाला) चिकटणारं प्रथिन वेगळं असतं, त्यामुळे पहिल्या गरोदरपणात इथल्या बायकांचीही आधीची ताकद कमी पडते.

गोळ्यांत क्लोरोक्वीन इथे चालत नाही. डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ रोज: निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू, आणि मलेरियाचा भाग सोडल्यावर चार आठवडे चालू. जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत. लगेच आडवं झालात तर गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळते. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही नको. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण बाहेर पडल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. मुक्काम लांबला तर किती महिने घ्यायच्या, हे डॉक्टरांशी ठरवा. औषध लावलेली मच्छरदाणी मात्र रोज.

मलेरिया झालाच तर मोठ्यांना आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन (20/120 मिग्रॅ): चार-चार गोळ्या सहा वेळा, 0, 8, 24, 36, 48 आणि 60 व्या तासाला. दूध किंवा स्निग्ध जेवणाबरोबर घ्या, नाहीतर ल्युमेफॅन्ट्रिन अंगी नीट लागत नाही. तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी थांबू नका. गुंगी, बरळणं, धाप किंवा सतत उलट्या असतील तर गोळ्यांवर वेळ न घालवता इंजेक्शनसाठी थेट दवाखाना.

लसीबद्दल: पुण्याच्या सीरममध्ये बनणारी आर-21 लस आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

आणि सुट्टीवर ठाण्याला गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: युगांडाहून आलोय, पीएफ तपासा.