दरकी-चट्टानला जाताना खडू घरी ठेवा, टॉर्च न्या

प्रश्न असा आहे: "इंदूरहून मंदसौर जिल्ह्यातल्या भानपुऱ्याच्या दरकी-चट्टान गुहेत जाऊन आदिमानवाने कोरलेले खळगे एका दिवसात बघून परतता येतं का? आणि नुसते खड्डेच दिसणार असतील तर त्यापेक्षा भीमबेटका बरं नाही का? खडूने गोल केले की फोटोत दिसतात असं ऐकलं, खरं का?"

एका दिवसात नाही. उज्जैन, आगरवरून गाडीने जायला पाच-सहा तास धरा, यायला तेवढेच, म्हणजे चालायला आणि बघायला काही उरतच नाही. आदल्या दिवशी जाऊन भानपुऱ्यात किंवा गांधीसागरला मुक्काम करा. रेल्वेने यायचं तर नागदा-कोटा मार्गावरचं भवानी मंडी जवळ पडतं.

आता खडूचं. याच गोष्टीवरून आमच्या घरात भांडण झालेलं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

माझा मोठा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, इंदूरच्या रामबागेतला. दरकी-चट्टानला येताना त्याने शाळेतल्या खडूंची पेटी आणि पाणी फवारायची बाटली आणली होती. गुहेत शिरल्यावर हेडलॅम्प लावून त्याने भिंत पाहिली आणि म्हणाला, "काहीच दिसत नाही रे." मग मी अडवायच्या आत एका खळग्याभोवती, म्हणजे दगडातल्या वाटीभोवती, खडूचा गोल काढला. फोटोत वर्तुळ अगदी छान आलं. पण ते दादाचं वर्तुळ होतं, दगडातलं नव्हे.

या वाट्यांना (अभ्यासक त्यांना कप्यूल म्हणतात) धारदार काठ नसतो. बाहेरचा पृष्ठभाग हळूहळू आत उतरत जातो. कडा कुठे सुरू होते हे डोळ्याला ठरवावं लागतं, आणि खडू लावणारा ते तुमच्या वतीने ठरवून टाकतो. एकाने पाच सेंमी व्यासाचा गोल काढला तर दुसरा त्याच वाटीला साडेसहा सेंमीचा काढेल. शिवाय खडूची पूड दगडाच्या कणांमधल्या फटींत बसते. ती काढायला घासावं लागतं, आणि घासलं की नेमका तोच पृष्ठभाग खराब होतो ज्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वाटीच्या वयाचा अंदाज बांधतात. पाणी फवारल्यानेही फायदा नाही. ओला दगड गडद होतो आणि चकाकतो, त्यामुळे फोटोत सावली उलट कमी दिसते, आणि वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात.

दादाला काहीच दिसलं नाही याचं खरं कारण हेडलॅम्प. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्याच रेषेत असतो, त्यामुळे वाटीत सावली दिसतच नाही आणि भिंत सपाट भासते. मोबाईलच्या फ्लॅशचंही तेच. करायचं असं: हेडलॅम्प बंद. साधा टॉर्च हातात घेऊन भिंतीच्या अगदी कडेला, पण भिंतीला न टेकवता धरायचा, झोत भिंतीला दहा ते पंधरा अंशांत चाटून जाईल असा. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने फोटो घ्यायचा. मोबाईलवर फ्लॅश बंद, उजेड लॉक, दोन सेकंदांचा टायमर. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. खालून कधीच नाही. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो, त्यामुळे खालून झोत टाकला की फोटोत खळगे फुगवटे होऊन दिसतात आणि घरी आल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मापासाठी प्लास्टिकची पंधरा सेंमीची पट्टी भिंतीच्या पातळीत, पण दगडाला न लावता धरा.

दादाने खडू लावलेल्या वाटीशेजारची वाटी मी अशी टिपली. तिची कड, खोली, तळाचा खडबडीतपणा सगळं आलं. तो आजही म्हणतो की त्याचा फोटो जास्त स्पष्ट आहे. स्पष्ट आहे, पण खोटा आहे.

"नुसते खड्डे" या शब्दालाही माझी हरकत आहे. हा खडक क्वार्टझाइट, चाकूच्या पोलादानेही त्यावर ओरखडा उठत नाही. त्यात खळगा पाडायला हातात तेवढाच कठीण दगडी गोटा धरून एकाच जागी ठोकत राहावं लागतं. शैलकलेचे अभ्यासक डॉ. गिरिराज कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खडकावर हे स्वतः करून पाहिलं. एका प्रयोगात सुमारे साडेआठ हजार ठोके, 72 मिनिटांचं काम, आणि खोली मिळाली 2 मिलीमीटरहूनही कमी. आणि या एका फटीसारख्या गुहेच्या दोन उभ्या भिंतींवर 500 च्या आसपास वाट्या आहेत. गुहा साधारण आठ मीटर खोल, आत जाताना निमुळती होत जाते. हिंदीत दरकना म्हणजे तडकणं, नावातच वर्णन आलं. 1993 मध्ये भानपुऱ्याचे रमेश कुमार पंचोली यांनी ती उजेडात आणली आणि 2002 पासून काही हंगाम तिथे उत्खनन झालं. भिंतीपासून सुटून पडलेले वाट्यांसकटचे दगडी तुकडे खालच्या थरांत, आदिपुराश्मयुगीन (अश्मयुगाच्या सर्वात जुन्या टप्प्यातल्या) हत्यारांबरोबर सापडले. ठोकायचे गोटेही सापडले.

आमचे एक काका म्हणतात की हे पाण्याने झालेले रांजणखळगे असणार, निघोजला नाहीत का! काका, रांजणखळगा नदीच्या तळाशी पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी पडतो. तो खाली उतरत जातो, आडव्या दगडात. उभ्या भिंतीवर अशा वाट्या पाणी पाडत नाही. कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांशीही याची गल्लत करू नका. तिथे जांभ्यात प्राणी आणि आकृत्या कोरलेल्या आहेत, इथे चित्र असं काही नाही. चित्रंच बघायची असतील तर खुशाल भीमबेटकाला जा. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला काम केलेल्या पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी ते 1957 मध्ये जगासमोर आणलं, त्याचा आपल्या माळव्यातल्या मराठी माणसांना अभिमान आहेच. पण तिथेही ऑडिटोरियम गुहेत अशाच वाट्या आहेत आणि त्यांच्यासमोर कोणी थांबत नाही.

चालण्याबद्दल. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच काळ. पावसाळ्यात आणि लगेच नंतर गवत कमरेएवढं, सुटे दगड त्याखाली झाकलेले, आणि ओला क्वार्टझाइट काचेसारखा निसरडा. गवत वाळलं की कुसळं. लोकरी किंवा जाड सुती मोज्यांत ती घुसतात आणि तासाभरात टाच सोलवटते, म्हणून गुळगुळीत कापडाची पँट बुटांवरून खाली सोडा. घोट्याच्या वर येणारे बूट घाला. दगडांच्या उतारावर आधी पाय टेकवून हलतो का बघा, मगच वजन टाका. पाणी माणशी तीन लिटर. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट, धूर, विडी काही नको. माशा उठल्याच तर हात झाडू नका, तोंड झाकून झुडपांच्या आडोशाने झपाट्याने दूर जा.

गुहेत शिरण्याआधी पाठीवरची सॅक बाहेर काढून ठेवा. जागा एवढी अरुंद की बकल आणि चेन भिंतीला घासणारच. एका वेळी दोघं, तिसरा बाहेर. उत्खननाच्या खड्ड्यांच्या कडेवर उभं राहू नका, माती ढासळते आणि पुढे कोणाला थर वाचायचे असतील तर ते जातात.

थोडी पुरवणी. वयाबद्दल भांडू नका. दोन लाख वर्षं आणि त्याहूनही जुनी असं अभ्यासक मांडतात, पण तो आकडा सर्वमान्य नाही. थरांचा पुरावा भक्कम आहे, नेमक्या वर्षांवर वाद आहे. चतुर्भुज नाल्यातली आदिमानवाची खडकावरची चित्रंही त्याच फेरीत करायची असतील तर ती बाजू गांधीसागर अभयारण्याची, आणि 20 एप्रिल 2025 ला कूनोहून तिथे दोन चित्ते सोडले आहेत, म्हणून वनखात्याला आधी विचारल्याशिवाय नाल्यात उतरू नका. गावातला माणूस बरोबर घ्या, वाट चुकण्यापेक्षा त्याचे पैसे स्वस्त पडतात. परतताना भानपुऱ्यात यशवंतराव होळकरांची छत्री बघा, 1811 मध्ये ते तिथेच वारले. इंदूरकराने ती न बघता परतणं बरं नव्हे.

आणि भिंतीवर आधीच कोणाचा खडू दिसला तर तो पुसू नका. ओल्या कापडाने तर अजिबात नाही, पूड फटींत आणखी खोल जाते. त्या वाटीला हात न लावता शेजारची निवडा आणि तिच्यावर टॉर्च धरा.